घोरण्याचा त्रास घशात, घाव मात्र रक्तवाहिन्यांवर

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील आवश्यक तेवढा भाग असा:

“माझे वय ५४ आहे. रक्तदाबासाठी मला तीन गोळ्या चालू आहेत; त्यांतली एक लघवी वाढवणारी आहे. तरीही सकाळी मोजलेला रक्तदाब १५०/९५ च्या खाली क्वचितच येतो. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, पहाटे डोके जड असते आणि हल्ली ओळखीच्या माणसांची नावे पटकन आठवत नाहीत. झोप सलग लागत नाही म्हणून अधूनमधून झोपेची गोळी घेते. मी घोरते आणि मधेच माझा श्वास थांबतो, असे यजमान बरेच दिवस सांगत होते, पण संकोचापोटी मी तो विषय डॉक्टरांकडे काढला नाही. शेवटी स्लीप स्टडी झाली. ए.एच.आय. ३४ आणि ऑक्सिजनची सर्वांत कमी पातळी ७६ टक्के, असा अहवाल आहे. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारे मशीन, लावायला सांगितले आहे. घसा ढिला पडण्याचा रक्तवाहिन्यांशी आणि मज्जासंस्थेशी काय संबंध? मला दिवसा झोप येत नाही, मग हा आजार खरोखर आहे का? मशीन लावल्याने बिघडलेले सुधारेल का, आणि ते जन्मभर लावावे लागेल का?”

आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण आजार आहे हेच मनाला पटले नाही तर मशीन आठवडाभरात कपाटात जाते. ए.एच.आय. ३४ याचा अर्थ असा की झोपेच्या दर तासाला सरासरी ३४ वेळा आपला श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण थांबतो किंवा बराच उथळ होतो. प्रौढ माणसात हा आकडा पाचच्या आत असावा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र, अशी वर्गवारी आहे. सहा तासांची झोप धरली तरी एका रात्रीत दोनशेहून अधिक वेळा हे घडते. दिवसा झोप न येणे हा या आजाराविरुद्धचा पुरावा नव्हे. तीव्र ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याच्या या आजाराचे नाव) असलेल्या अनेकांना दिवसा फारशी पेंग येत नाही, आणि स्त्रियांमध्ये तर थकवा, तुटक झोप, सकाळची डोकेदुखी आणि उदासपणा याच तक्रारी पुढे येतात. त्यामुळे त्यांच्यावर बऱ्याचदा निद्रानाशाचे किंवा मानसिक ताणाचे उपचार होत राहतात आणि श्वासाकडे कोणाचे लक्ष जात नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये या आजाराचे प्रमाण वाढते, हेही आपल्या वयाच्या संदर्भात लक्षात घ्यावे. यजमानांनी हा विषय लावून धरला हे फार चांगले झाले, कारण श्वास थांबतो हे स्वतः झोपलेल्या माणसाला कळण्याचा मार्गच नसतो.

आता मुख्य प्रश्न. घशाच्या ज्या भागातून हवा जाते त्याला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नाही. तेथील स्नायूंच्या ताणावरच तो मार्ग उघडा राहतो. झोपेत हा ताण कमी होतो, आणि ज्यांचा मार्ग मुळात अरुंद आहे त्यांच्यात जीभ व मऊ टाळू मागे येऊन तो बंद होतो. छाती मात्र श्वास घेण्याचा प्रयत्न चालूच ठेवते. या अर्ध्या-पाऊण मिनिटात तीन गोष्टी घडतात: रक्तातील ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, बंद मार्गाविरुद्ध ओढल्यामुळे छातीत मोठा ऋण दाब निर्माण होतो, आणि शेवटी मेंदू क्षणभर जागा होऊन घशाचे स्नायू आवळतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी तिची आठवण राहत नाही.

रक्तवाहिन्यांशी संबंध जुळतो तो मानेत. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जेथे दुभंगते तेथे तांदळाच्या दाण्याएवढा कॅरॉटिड बॉडी नावाचा अवयव असतो आणि रक्तातील ऑक्सिजनवर नजर ठेवणे हे त्याचे काम आहे. ऑक्सिजन घटला की तो मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना इशारा देतो, आणि तेथून सिंपथेटिक मज्जासंस्थेला, म्हणजे संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेला, जोराचा आदेश सुटतो. एरवी फुप्फुसे फुगली की या आदेशाला आपोआप लगाम बसतो. पण श्वासच थांबलेला असल्याने तो लगामही नसतो. हातापायांतील आणि पोटातील लहान धमन्या आवळल्या जातात. त्याच वेळी व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती बऱ्याचदा मंदावते, म्हणजे शरीर एकाच क्षणी दोन विरुद्ध आज्ञा पाळत असते. मग श्वास सुटतो, हृदय एकदम वेगाने धावू लागते आणि त्याने ढकललेले रक्त अजून आवळलेल्याच धमन्यांत शिरते. रक्तदाबाची उसळी येते ती या क्षणी. दिवसा रक्तदाब ठीक असलेल्या माणसातही अशा क्षणी वरचा आकडा दोनशेच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत.

येथे आपण रास्त शंका घ्याल की हे सारे रात्रीचे झाले. दिवसा श्वास सुरळीत असताना रक्तदाब चढलेला का राहतो? माझ्या मते या आजारातील सर्वांत महत्त्वाची आणि रुग्णाला क्वचितच समजावून सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे. पायातील मज्जातंतूत अगदी बारीक सुईसारखा इलेक्ट्रोड घालून सिंपथेटिक संदेश थेट मोजता येतात. सॉमर्स या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ॲप्निया असलेल्या रुग्णांमध्ये जागेपणी, शांत पडलेले असताना आणि ऑक्सिजन पूर्ण ठीक असतानाही हे संदेश निरोगी माणसांपेक्षा बरेच जास्त आढळले. निरोगी माणसात गाढ झोपेत ते कमी होतात, तर या रुग्णांत झोपेत ते आणखी वाढले. प्राण्यांवरील प्रयोगांतून याचे एक कारण दिसते. ऑक्सिजन पुन्हा पुन्हा उतरत-चढत राहिला की कॅरॉटिड बॉडी अधिक संवेदनशील होते, आणि ऑक्सिजन पूर्ववत झाल्यावरही तिचे इशारे काही काळ चालूच राहतात. शिवाय रक्तदाब वाढला की तो खाली आणणारी जी प्रतिक्षिप्त क्रिया धमन्यांच्या भिंतींतील संवेदकांवर चालते, तीही या रुग्णांत बोथट झालेली असते. म्हणजे चढवणारी यंत्रणा दिवसाही तापलेली आणि उतरवणारी यंत्रणा मंद, अशी स्थिती होते. मूत्रपिंडेही यात ओढली जातात. सिंपथेटिक प्रभावाने रेनिन व अल्डोस्टेरॉन ही रक्तदाब वाढवणारी द्रव्ये वाढतात आणि मीठ-पाणी धरून ठेवले जाते.

लघवी वाढवणाऱ्या गोळीसह तीन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर त्याला औषधांना न जुमानणारा रक्तदाब म्हणतात, आणि अशा रुग्णांमध्ये ॲप्निया फार मोठ्या प्रमाणात सापडतो. आपल्या डॉक्टरांनी चौथी गोळी वाढवण्याआधी झोपेची तपासणी सांगितली, हे मला योग्य वाटते. त्यांच्याकडे २४ तासांच्या रक्तदाब नोंदीबद्दल अवश्य विचारा. रात्रीच्या झोपेत रक्तदाब दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्के उतरायला हवा. ॲप्नियामध्ये हा उतार बहुधा नाहीसा होतो, आणि दवाखान्यात दुपारी घेतलेल्या एका मोजमापातून ते कधीच कळत नाही. अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारे औषध आपल्याला उपयोगी पडेल का, हेही विचारण्यासारखे आहे. निर्णय अर्थातच त्यांचा.

रात्री लघवीला उठण्याचा दोष आपण मूत्राशयाला देत असाल, पण त्याचा उगम छातीत असण्याची बरीच शक्यता आहे. बंद मार्गाविरुद्ध श्वास ओढताना छातीत निर्माण होणाऱ्या ऋण दाबाने रक्त हृदयाकडे अधिक खेचले जाते आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. कप्पे ताणले गेले म्हणजे शरीरात पाणी जास्त झाले, असा अर्थ हृदय लावते आणि मूत्रपिंडांना मीठ व पाणी बाहेर टाकायला सांगणारे संप्रेरक सोडते. हाच ताण वर्षानुवर्षे चालू राहिला की हृदयाच्या लयीतील एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या बिघाडाची शक्यता वाढते. छातीत धडधड किंवा अनियमित ठोके कधी जाणवत असतील तर ते पुढच्या भेटीत सांगावे.

आतापर्यंतचा भाग रक्तवाहिन्या आवळणाऱ्या आदेशांचा होता. दुसरा आघात वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर होतो. एका पेशीच्या जाडीचे हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्यामुळे धमनी गरजेप्रमाणे सैल होऊ शकते. ऑक्सिजन नुसता कमी राहणे आणि तो वारंवार घसरून पुन्हा एकदम वर येणे, यांत फरक आहे. प्रत्येक वेळी ऑक्सिजन परतताना पेशींत घातक मुक्त कण तयार होतात. ते नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतात, दाह वाढवणाऱ्या जनुकांना चालना देतात, आणि वाहिनी आवळणाऱ्या एंडोथेलिन या द्रव्याचे प्रमाण वाढते. अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी त्याला धरू लागतात, धमनीची लवचीकता घटते. हे मोजण्याची एक साधी पद्धत आहे: दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटे रक्तप्रवाह रोखायचा, मग सोडायचा आणि धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर पाहायचे. ॲप्निया असलेल्यांची धमनी कमी रुंदावते.

हे सारे वजनामुळे, मधुमेहामुळे किंवा वयामुळे होत असेल, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता, कारण या गोष्टी बऱ्याचदा एकत्र नांदतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घकालीन अभ्यासाने त्याचे बरेचसे उत्तर दिले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ७०९ जणांची चार वर्षांनंतरची स्थिती पाहिली होती. वजन, वय इत्यादींचा हिशेब वेगळा काढल्यावरही ए.एच.आय. १५ किंवा अधिक असलेल्यांत उच्च रक्तदाबाची शक्यता असा त्रास नसलेल्यांच्या सुमारे तिप्पट होती. मला त्याहून अधिक पटणारा पुरावा उलट दिशेचा आहे. झुरिकमधील संशोधकांनी २०११ मध्ये सीपॅप नियमित वापरणाऱ्यांपैकी काहींना दोन आठवडे खऱ्या मशीनऐवजी निरुपयोगी दाबाचे मशीन दिले. काही रात्रींतच ॲप्निया परतला, आणि दोन आठवड्यांत सकाळचा वरचा रक्तदाब सरासरी आठ-नऊ अंकांनी वाढला, नाडीची गती वाढली, अस्तराचे काम खालावले. त्यांचे वजन किंवा वय त्या काळात बदललेले नव्हते; बदलला होता तो फक्त रात्रीचा श्वास.

नावे न आठवणे आणि पहाटेचे जड डोके यांचा विचार मेंदूच्या बाजूने करावा लागतो. साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मेंदूतील वाहिन्या फैलावतात, आणि सकाळची डोकेदुखी बहुधा त्यातून येते. ती उठल्यावर काही वेळात ओसरते. स्मरणाचे दोन वेगळे तोटे होतात. दिवसभरात शिकलेले पक्के होण्यासाठी गाढ झोप आणि स्वप्नांची झोप सलग लागते, ती तुटते. आणि स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग ऑक्सिजनच्या कमतरतेला विशेष नाजूक असतो. दर ॲप्नियागणिक मेंदूतील रक्तप्रवाह उसळतो आणि पाठोपाठ घसरतो, त्यामुळे आतल्या बारीक वाहिन्यांवर ताण पडतो. पक्षाघाताचा धोका या रुग्णांत वाढलेला असतो तो काही अंशी यामुळे. दिलासा असा की वयपरत्वे येणारा विसरभोळेपणा आणि हा त्रास एकच नव्हे. काही छोट्या अभ्यासांत तीन महिने नियमित सीपॅप वापरल्यावर लक्ष व स्मरणाच्या चाचण्यांत आणि एमआरआयवर दिसणाऱ्या मेंदूतील बदलांतही सुधारणा आढळली. सगळे सगळ्यांचे भरून येते असे मात्र मी म्हणणार नाही.

मज्जातंतूंचे नुकसान खुद्द घशातही होते. वर्षानुवर्षांच्या घोरण्याच्या कंपनांमुळे मऊ टाळूतील बारीक मज्जातंतू खराब झाल्याचे तेथील ऊतींच्या तपासणीत दिसले आहे, आणि तेथली संवेदना बोथट होते. घसा मिटू लागल्याची जाणीव उशिरा होणे म्हणजे तो अधिक वेळा मिटणे. म्हणून हा आजार स्वतःलाच वाढवत जातो असे मानायला आधार आहे. याखेरीज डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक कमी होण्याचा एक प्रकार ॲप्निया असलेल्यांत जास्त आढळतो. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने वेदनेशिवाय अंधुक दिसू लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.

सीपॅपबद्दल आपल्याला पूर्ण खरे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. मास्कमधून येणारा हवेचा हलका दाब घसा मिटू देत नाही, इतकेच त्याचे काम आहे. घोरणे पहिल्याच रात्री थांबते, सिंपथेटिक संदेश काही आठवड्यांत ते महिन्यांत उतरतात, धमनीचे रुंदावणे सुधारते. रक्तदाब मात्र सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो. आपल्यासारख्या औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात तो थोडा अधिक उतरू शकतो आणि रात्रीचा हरवलेला उतार परत येण्याची शक्यता असते. दोन-तीन अंक म्हणजे अगदीच थोडे, असे वाटून निराश होऊ नका, पण मशीन आले म्हणून गोळ्या स्वतःहून बंदही करू नका. उठताना चक्कर येऊ लागली किंवा वरचा आकडा ११० च्या खाली येऊ लागला, तर मात्रा कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीविषयीही आपल्या कानावर कधीतरी येईल, म्हणून आधीच सांगतो. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीपासून असलेल्या सुमारे २,७०० रुग्णांमध्ये सीपॅप दिल्याने हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. हा निकाल झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी फक्त ३.३ तास लावले होते, आणि दिवसा अतिशय झोप येणारे किंवा रात्री ऑक्सिजन फारच खालावणारे रुग्ण त्यात घेतलेलेच नव्हते. मशीन किती तास लावले जाते याला एवढे महत्त्व का, हेही समजून घ्यावे. स्वप्नांची झोप मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात येते, त्या वेळी स्नायू सर्वांत शिथिल असतात, श्वास सर्वांत जास्त वेळ थांबतो आणि ऑक्सिजन सर्वांत खाली जातो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारा माणूस अर्धी रात्र उपचार घेतो खरा, पण जी अर्धी अधिक धोक्याची तीच सोडून देतो. म्हणून लघवीला उठलात तर परतल्यावर मास्क पुन्हा लावणे, एवढी एक सवय मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कठीण जातात. दिवसा वाचन करताना किंवा गाणी ऐकताना अर्धा तास मास्क लावून बसल्यास चेहऱ्याला सवय होते. नाक कोरडे पडत असेल तर हवा ओलसर करणारा भाग जोडून घ्या, आणि डोळ्यांवर हवा येत असेल तर मास्कचे माप चुकले आहे असे समजून तो बदलून घ्या. पट्टे आवळत राहू नका. झोपेच्या गोळीबद्दल: काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि जाग येण्याची क्रिया लांबते, म्हणून ॲप्नियाचे निदान झाल्याचे सांगून ती गोळी चालू ठेवावी का, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आपली तुटक झोप हे या आजाराचेच लक्षण असण्याची शक्यता आहे. मद्याचाही परिणाम तसाच होतो. यापुढे कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाची माहिती आधी द्यावी आणि स्वतःचे मशीन सोबत न्यावे.

जन्मभराच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी वजनावर अवलंबून आहे. ते आपण पत्रात लिहिलेले नाही. वजन जास्त असेल तर त्यात दहा टक्के घट झाल्यावर ए.एच.आय. साधारण पाव हिश्शाने कमी होतो असे अभ्यास सांगतात, आणि लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यताही मिळाली आहे. ३४ वरून पाव हिस्सा गेला तरी पंचविसाच्या आसपास आकडा उरतो, तेव्हा केवळ वजनाच्या भरवशावर मशीन टाळणे योग्य नाही. खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे उपकरण मुख्यतः सौम्य व मध्यम आजारात चालते; ज्यांना मास्क अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी तो एक पर्याय आहे, तसाच जिभेच्या मज्जातंतूला उत्तेजन देणारे रोपण हाही निवडक रुग्णांपुरता आहे. आपण आज सीपॅपपासून सुरुवात करावी, रोज सकाळी गोळ्या घेण्यापूर्वी रक्तदाब लिहून ठेवावा, आणि तीन महिन्यांनी मशीनमधील वापराच्या तासांची नोंद व ही वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. वजन लक्षणीय उतरले असेल तर स्लीप स्टडी पुन्हा करून मशीन चालू ठेवायचे की नाही ते ठरवता येईल.